बोनेटखालची अदलाबदल

वसईच्या गाडीची पाटी एमएच-४८ ने सुरू होते आणि तालुक्यातून उभा जाणारा मुंबई-अहमदाबाद महामार्गही आता क्रमांक ४८ चाच आहे. हा निव्वळ योगायोग. पण या महामार्गाच्या आणि रेल्वेच्या मधल्या पट्ट्यात, वालीव, गोखिवरे, सातिवली, पेल्हार इथल्या गाळ्यांमधून जे काम चालतं, ते योगायोगाचं नाही. लेथ, मिलिंग, लेसर कटिंग, आर्गन वेल्डिंग, पावडर कोटिंग, डाय-मेकिंग, सगळं हाकेच्या अंतरावर. इथे एखादी साठ वर्षांपूर्वीची इवलीशी, दोन सीटची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार आणून उभी करावी आणि म्हणावं, हिच्यात दुप्पट ताकदीचं इंजिन घालायचंय. कोणी हसणार नाही. पहिला प्रश्न येईल : ‘इंजिन कुठलं?’ दुसरा येईल : ‘पासिंगचं काय?’ या उद्योगाचं सगळं सार या दोन प्रश्नांच्या मध्ये आहे, आणि त्यातला पहिला प्रश्न त्या मानाने सोपा आहे.

लहान गाडीत मोठं इंजिन घालायच्या हौसेचा मूळपुरुष म्हणून अमेरिकेच्या कॅरल शेल्बीचं नाव घेतात. १९५९ ची ल मान्सची चोवीस तासांची शर्यत ॲस्टन मार्टिनमधून जिंकलेला हा टेक्सासचा गडी हृदयाच्या दुखण्यामुळे १९६० मध्ये शर्यतींमधून बाहेर पडला. त्याच सुमारास इंग्लंडमधल्या एसी कार्स या छोट्या कंपनीची पंचाईत झाली होती. तिच्या ‘एस’ नावाच्या हलक्या, ॲल्युमिनियमच्या अंगाच्या गाडीला ब्रिस्टल कंपनी दोन लिटरचं, सहा सिलिंडरचं इंजिन पुरवत असे. ते मिळणं बंद होणार होतं. तिकडे अमेरिकेत फोर्डकडे पातळ भिंतींच्या ओतकामाचं, आकारमानाने आटोपशीर असं नवं व्ही-८ तयार होतं आणि शेव्हरलेच्या कॉर्व्हेटला तोंड देईल अशी गाडी मात्र नव्हती. शेल्बीने दोघांची गाठ घातली. फेब्रुवारी १९६२ मध्ये बिनइंजिनाची गाडी कॅलिफोर्नियात उतरली आणि डीन मून याच्या वर्कशॉपमध्ये इंजिन नि गिअरबॉक्स एका दिवसात बसले. ही पहिली कोब्रा. पुढे कंपनीजवळ ती एकच गाडी असताना दर मासिकाच्या चाचणीआधी तिला नवा रंग दिला जायचा, म्हणजे वाचकांना वाटावं, गाड्या धडाधड बाहेर पडताहेत. तीच गाडी २०१६ मध्ये १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरला विकली गेली.

हा ‘एका दिवसात’चा किस्सा फार घातक आहे. तो ऐकून जगभर किती गाड्या अर्धवट खोलून पडल्या असतील, देव जाणे. कारण त्या एका दिवसाआधी इंग्लंडमध्ये काय झालं होतं, ते किश्शात येत नाही. मागचा डिफरन्शियल जास्त दणकट घ्यावा लागला होता आणि सांगाड्याला ठिकठिकाणी बळकटी द्यावी लागली होती. पुढे १९६५ मध्ये सात लिटरचं इंजिन घालायची वेळ आली तेव्हा तर चॅसीच नव्याने बांधावी लागली : तीन इंची नळ्यांच्या जागी चार इंची आल्या, पाट्यांच्या जागी कॉइल स्प्रिंग आल्या. बाहेरून गाडी तीच दिसत होती, थोडी फुगलेली. आत तिचं जवळजवळ काहीच जुनं उरलं नव्हतं.

शेल्बीचाच हात लागलेली दुसरी गाडी म्हणजे सनबीम टायगर. १९६४ ची. सनबीम अल्पाइन या नाजूक गाडीत तेच फोर्डचं ४.२ लिटरचं व्ही-८ कोंबलेलं. कोंबलेलं हाच शब्द बरोबर आहे. जेन्सनच्या कारखान्यात रंगवून तयार असलेल्या बॉडीचा इंजिनामागचा पत्रा घणाने ठोकून जागा केली जायची, असं सांगतात. नव्या कोऱ्या रंगावर घण! पण टायगरचा शेवट त्याहून मजेदार झाला. सनबीमची मालक असलेली रूट्स कंपनी क्रायस्लरच्या ताब्यात गेली. स्वतःच्या छत्राखालच्या गाडीत फोर्डचं इंजिन क्रायस्लरला कसं रुचावं? त्यांचं स्वतःचं व्ही-८ होतं, पण त्याचा डेल्को, म्हणजे डिस्ट्रिब्यूटर, मागच्या बाजूला, नेमका तिथे जिथे या गाडीत जागा नाही. १९६७ मध्ये गाडी बंद. एका डेल्कोने मॉडेल संपवलं.

एमजीबीचं उदाहरण मला सगळ्यांत आवडतं, कारण त्यात अक्कल जास्त आणि घण कमी आहे. केन कॉस्टेलो नावाच्या इंग्रज माणसाने १९७० च्या उंबरठ्यावर एमजीबीत रोव्हरचं साडेतीन लिटरचं व्ही-८ बसवून विकायला सुरुवात केली. हे इंजिन मुळात ब्यूइकचं, पूर्ण ॲल्युमिनियमचं. त्यामुळे एमजीबीच्या मूळ चार सिलिंडरच्या बिडाच्या इंजिनापेक्षा ते फारसं जड नव्हतं. गाडीचं नाक जड झालं नाही, वळणावर स्वभाव बिघडला नाही. ते पाहून ब्रिटिश लेलँडनेच १९७३ मध्ये कारखान्यातून अशी गाडी काढली : ९५ च्या जागी १३७ अश्वशक्ती. १९७६ पर्यंत अवघ्या २,५९१ गाड्या झाल्या. तेलसंकट नेमकं त्याच वर्षी, १९७३ मध्ये आलं होतं.

आता आपल्याकडे या. आपल्याकडे हीच अदलाबदल कारखान्यांनी केली, राजरोस केली, पण नेमकी उलटी. मोठ्या गाडीत लहान इंजिन!

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९८५ मध्ये ११८एनई आणली. अंग फियाट १२४ चं, इंजिन निस्सानचं, ११७१ सीसी, ५२ अश्वशक्ती. त्यातल्या त्यात हे जमलेलं लग्न. हिंदुस्तान मोटर्सची काँटेसा १९८४ ची : व्हॉक्सहॉलची लांबरुंद, अमेरिकन थाटाची बॉडी आणि तिच्या आत ॲम्बेसेडरचं १४८९ सीसीचं इंजिन, जेमतेम ५० अश्वशक्ती. पुढे इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन बसलं तेव्हा कुठे ती गाडी गाडीसारखी पळू लागली. आणि मद्रासची स्टँडर्ड २०००. इंग्लंडमध्ये रोव्हर एसडी-१ नावाची जी ऐटबाज गाडी होती, तिचं अंग १९८५ मध्ये मद्रासला आलं. इंग्लंडात त्या बोनेटखाली रोव्हरचं तेच साडेतीन लिटरचं व्ही-८ असायचं, जे कॉस्टेलोने चिमुकल्या एमजीबीत घातलं. मद्रासमध्ये तिथे बसलं स्टँडर्ड व्हॅनगार्डच्या जमान्यातलं दोन लिटरचं इंजिन, ८३ अश्वशक्तीचं. याच कुळातलं इंजिन एके काळी फर्ग्युसनच्या ट्रॅक्टरला होतं. तीन वर्षांत गाडी गुंडाळली.

पण थांबा, त्या ट्रॅक्टरच्या इंजिनाला नावं ठेवण्याआधी एक गोष्ट. त्याच कुळातलं इंजिन ट्रायम्फ टीआर-२ या स्पोर्ट्स कारलाही होतं आणि तिथे ते ९० अश्वशक्ती देत होतं. आणि ॲम्बेसेडरचं १४८९ सीसीचं इंजिन? ते बीएमसीच्या बी-सीरिजचं, म्हणजे १९५५ च्या देखण्या एमजीए स्पोर्ट्स कारच्या इंजिनाचं सख्खं भावंड. एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिनही त्याच घरातलं. आपल्या सरकारी पांढऱ्या ॲम्बेसेडरच्या पोटात एका स्पोर्ट्स कारचं इंजिन चाळीस-पन्नास वर्षं गपगुमान फिरत होतं. फरक कार्बोरेटरचा, कॉम्प्रेशनचा, कॅमचा आणि अर्थात ओढायच्या ओझ्याचा.

रस्त्यावरची अदलाबदलही आपल्याकडे ताकदीसाठी क्वचितच झाली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या फियाट टॅक्स्यांमध्ये आधी डिझेल इंजिनं आली ती स्वस्त इंधनासाठी, मग सीएनजी किट आली ती हायकोर्टाच्या बडग्याने. २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदलेली शेवटची पद्मिनी, म्हणजे फियाट, टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून उतरली, तोवर त्या गाड्यांनी बोनेटखाली काय काय पाहिलं असेल! इंजिन उतरवणं, दुसरं चढवणं, फाउंडेशन म्हणजे इंजिनाचे आधार बदलणं, यात मुंबई-ठाणे-वसईचे मेकॅनिक तरबेज झाले ते स्पोर्ट्स कारमुळे नव्हे. टॅक्सीवाल्याच्या पोटापाण्याने त्यांचा हात बसला.

तर समजा, वसईतल्या कोणाकडे ऑस्टिन-हीली स्प्राइट आहे. १९५८ ची मूळ गाडी, ९४८ सीसी, ४३ अश्वशक्ती, वजन साडेसहाशे-पावणेसातशे किलो. अशा गाड्या मुंबईत फार नव्हत्या, पण होत्या. आता तिच्यात काय घालायचं? परदेशातला हौशी माणूस अशा वेळी जनरल मोटर्सच्या एलएस व्ही-८ चा कॅटलॉग उघडतो. आपण सातिवली नाक्यावर उभं राहून रहदारी बघावी. २०२२ पर्यंतची मारुती ईको : ११९६ सीसी, ७३ अश्वशक्ती, इंजिन उभं, गिअरबॉक्स त्याच्या मागे, ताकद मागच्या चाकांना. मारुती जिप्सी : १२९८ सीसी, ८० अश्वशक्ती, ॲल्युमिनियमचा ब्लॉक, तेही उभं, आणि जिप्सीचा ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून सुटा असल्याने तो काढून ठेवला की उरतो तो साधा पाच गिअरचा बॉक्स. एस्टीमचं इंजिन त्याच घराण्यातलं, पण ते आडवं. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत त्याचा गिअरबॉक्स निरुपयोगी. म्हणून जाणकार माणूस जिप्सी शोधतो. ८० अश्वशक्ती हा आकडा आज हास्यास्पद वाटेल, पण पावणेसातशे किलोला ८० म्हणजे टनाला १२० च्या घरात. बहुतेक नव्या हॅचबॅक गाड्या इथवर पोचत नाहीत.

पहिली अडचण नेहमी तेलाच्या टाकीची, म्हणजे सम्पची. जुन्या गाडीचा आडवा क्रॉस-मेंबर आणि नव्या इंजिनाच्या सम्पचा खोल भाग एकाच जागी येतात. सम्प कापून पुन्हा वेल्ड करायचा, ऑइल पंपाची जाळी हलवायची, आणि वळणावर तेल एका बाजूला जाऊन पंप कोरडा पडू नये म्हणून आत आडपडदे घालायचे. हे काम घाईत केलं की इंजिन छान चालतं, फक्त पहिल्या लांब वळणापर्यंत.

इंजिनासोबत त्याचाच गिअरबॉक्स घेतला तर एक मोठं संकट टळतं. जुनाच गिअरबॉक्स ठेवायचा असेल तर मध्ये ॲडॅप्टर प्लेट लागते आणि इथे वालीवचा खरा कस लागतो. क्रँकशाफ्टचा अक्ष आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा अक्ष एका रेषेत हवेत. चूक पाच थाऊच्या आत, म्हणजे ०.१३ मिलिमीटर. प्लेट सीएनसीवर कितीही सुंदर कापा, डायल लावून फिरवून पाहिल्याशिवाय बोल्ट आवळायचे नाहीत. नुसत्या नजरेने बसवलेला गिअरबॉक्स महिनाभर कुरकुरतो, मग पायलट बेअरिंग खातो, मग क्लच. शेवटी दोष इंजिनाला दिला जातो.

मग प्रोपेलर शाफ्ट. लांबी बदलली, कोन बदलला. नवी नळी, नवे क्रॉस, आणि बॅलन्सिंग. हे सगळं जमतं. न जमणारी गोष्ट पुढे आहे. समजा इंजिनाचा टॉर्क १० किलोग्रॅम-मीटर, पहिला गिअर साडेतीनपट, डिफरन्शियल चारपट. मागच्या ॲक्सलवर येतो १४०, दर हाफ-शाफ्टवर ७०. स्प्राइटचे हाफ-शाफ्ट मूळच्या इंजिनालाही कुरकुर करत तुटायचे, ही त्या गाडीची जगजाहीर खोड. म्हणजे ॲक्सल बदला. ॲक्सल बदलला की चाकांमधलं अंतर बदलतं, मग मडगार्ड. ब्रेक मूळ गाडीत चारही चाकांना ड्रमचे. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते. हे शाळेत शिकलेलं समीकरण चारोटीच्या उतारावर सोडवायचं नसतं. म्हणजे पुढे डिस्क. डिस्क आली की मास्टर सिलिंडर. जिप्सीचं इंजिन एमपीएफआय असेल तर इंधन सुमारे तीन बारच्या दाबाने जायला हवं. कार्बोरेटरच्या काळातल्या रबरी नळ्यांना तो दाब झेपत नाही आणि गळती एक्झॉस्टवर झाली तर पुढचं सांगायला नको. म्हणजे नवी लाइन, नवा पंप, टाकीत आडपडदे. मग ईसीयू म्हणजे इंजिनाचा संगणक, वायरिंग, ऑक्सिजन सेन्सर.

रेडिएटरचंही तसंच. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा ढोबळ एक तृतीयांश भाग पाण्यातून हवेत जायचा असतो. टायगर गाडी इंग्लंडच्या थंडीतही बोनेटखाली तापायची. वसईच्या मे महिन्यात, घोडबंदरच्या कोंडीत, चिमुकल्या तोंडातून येणाऱ्या वाऱ्यावर भिस्त ठेवता येत नाही. मोठा ॲल्युमिनियम कोअर, विजेचा पंखा, आणि तापलेली हवा बाहेर पडायला वाट. ही शेवटची गोष्ट बहुतेक जण विसरतात. हवा आत येण्याची सगळे सोय करतात, जाण्याची कोणी करत नाही.

आणि हे सगळं ज्या पत्र्यावर उभं राहायचं, तो पत्रा अर्नाळा-कळंबच्या खाऱ्या वाऱ्यात साठ वर्षं कुजलेला. स्प्राइटला वेगळी चॅसी नाही. दाराखालच्या पोकळ सिल आणि मधला बोगदा हाच तिचा कणा. सिल कुजल्या असतील तर दुप्पट टॉर्कने गाडी अक्षरशः पिळली जाते आणि दारं लागेनाशी होतात. म्हणून कामाची सुरुवात डेंटरपासून करावी. इंजिन सगळ्यात शेवटी आणावं. होतं उलटंच : इंजिन आधी येतं, गाळ्याच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली ठेवलं जातं, आणि पत्र्याचं काम कधी संपत नाही. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली गेले आणि एक्स्प्रेस गाडीतल्या प्रवाशांना एनडीआरएफने बोटीतून काढलं. त्या शहरात रस्त्यापासून पाच इंच उंचीच्या गाडीचा ईसीयू कुठे बसवायचा, हा प्रश्न परदेशी पुस्तकांत सापडणार नाही. सीटच्या पाठीमागे, शक्य तितका वर. एवढंच उत्तर मला पटतं.

आता दुसरा प्रश्न, पासिंगचा.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. निर्मात्याने ठरवलेला आणि आरसीवर नोंदलेला तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात यावर शिक्कामोर्तब केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं : बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. जुनं इंजिन खलास झालं म्हणून तशाच जातीचं दुसरं बसवलं, तर चौदा दिवसांत कळवून नोंद करता येते. पण स्प्राइटच्या आरसीवर मारुतीचा इंजिन नंबर चढवणं ही वेगळी गोष्ट.

२०२१ च्या जुलैत केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी-चारचाकी, २०,००० रुपये शुल्क, दहा वर्षांची नोंदणी, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं; गाडी चालवायची ती प्रदर्शन, संशोधन, रॅली, इंधन आणि देखभाल यांपुरती. अट एकच, पण आपल्या मुळावर येणारी : चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. म्हणजे स्प्राइटमध्ये जिप्सी गेली की ती साधी गाडीही राहत नाही आणि व्हिंटेजही होत नाही.

इंग्लंडच्या वाहन नोंदणी खात्याने फार बदललेल्या गाड्यांसाठी अनेक वर्षं गुणांची पद्धत वापरली. मूळ चॅसीला पाच गुण, सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्स, स्टिअरिंग यांना प्रत्येकी दोन, आणि इंजिनाला? फक्त एक. आठ गुण भरले की गाडीची जुनी ओळख कायम. इंजिन हा गाडीचा सगळ्यात सहज बदलता येणारा भाग आहे, हे तिथल्या कारकुनांना कळलं होतं. शिवाय एकेकट्या गाडीची तपासणी करून तिला रस्त्यावर येऊ देण्याची सोय तिथे आहे. आपल्याकडे मंजुरी मॉडेलला मिळते; एका माणसाने बांधलेल्या एका गाडीला तपासून पास करणारी खिडकीच नाही. कलम ५२ रद्द करा असं मी म्हणणार नाही. ठोकून-ठाकून बसवलेली इंजिनं, कापलेल्या स्प्रिंगा, कानठळ्या बसवणारे सायलेन्सर महामार्गावर नकोतच. पण नीट केलेलं काम आणि भंगार काम यांना एकच शिक्षा असेल, तर नीट काम करायला कोणी पैसे का घालावेत? पुण्यात गाड्या तपासणारी एआरएआयसारखी संस्था असताना ब्रेक, सिल आणि धूर मोजून, फी घेऊन, एका गाडीला होय किंवा नाही म्हणता येणं अवघड नसावं.

गंमत अशी, की कलम ५२ मध्ये एक दार उघडं आहे. सीएनजी, एलपीजी, सौर ऊर्जा, बॅटरी यांवर गाडी चालावी म्हणून मंजूर किट बसवता येतं. म्हणजे मोठं इंजिन घालायला मनाई, पण इंजिनच काढून टाकायला परवानगी! आणि विजेची मोटर उभ्या जागी पूर्ण टॉर्क देते. २०१८ च्या मे महिन्यात इंग्लंडच्या राजपुत्राच्या लग्नात जी जॅग्वार ई-टाइप दिसली, ती विजेवर चालणारी होती. जुन्या गाड्यांच्या जागतिक संघटनेने, फिव्हाने, मात्र पुढच्याच वर्षी सांगितलं की अशी गाडी ऐतिहासिक मानता येणार नाही, आणि बदल करायचाच असेल तर परत फिरवता येईल असा करा. पण हे दारही वसईच्या स्प्राइटवाल्यासाठी किलकिलंच आहे. किट एआयएस-१२३ या मानकानुसार ठरावीक मॉडेलसाठी मंजूर करून घ्यावं लागतं. देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरलेल्या गाडीसाठी तो खर्च कोण करील?

मला विचाराल तर या खेळासाठी आपल्या बाजूची खरी गाडी गोव्यात बनली : सॅन स्टॉर्म. १९९० च्या दशकाच्या शेवटी आलेली दोन सीटची, उघड्या टपाची, फ्रान्सच्या डिझाइनची, फायबरच्या अंगाची. खारी हवा तिच्या अंगाचं काही वाकडं करत नाही. इंजिन रेनॉचं, ११४९ सीसी, ६० अश्वशक्ती. दिसायला शर्यतीची, पळायला आज्ञाधारक. पुढे रेनॉचीच लोगन नाशिकला महिंद्राच्या कारखान्यात बनली, तेव्हा १.४ आणि १.६ लिटरची रेनॉ इंजिनं महाराष्ट्रात मिळू लागली. एकाच कंपनीची असली तरी कुळ वेगळं, त्यामुळे फाउंडेशन नव्याने करावं लागेल, ड्राइव्ह-शाफ्ट पाहावे लागतील. पण पुढच्या चाकांची गाडी, आडवं इंजिन, प्रोपेलर शाफ्टची भानगड नाही, सिल कुजण्याची नाही. आरसीचा प्रश्न तोच.

तेव्हा उरतं काय, तर खासगी जागा. लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ या नावाने सरळ रेषेतल्या वेगाच्या स्पर्धा झाल्या आहेत. तिथे आरसीपेक्षा हेल्मेट आणि आग विझवायचा सिलिंडर आधी तपासतात. वसईहून गाडी चालवत न्यायची नाही. फ्लॅटबेडवर चढवायची, पट्टे आवळायचे, आणि वर्सोवा पुलापलीकडे, फाउंटनच्या वळणावर, घोडबंदर रोड हलायची वाट बघत बसायचं.